भावासाठी आणलेला ऑक्सिजन

आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद पडली आणि मला तीन मजले चढता येत नाहीत, हे सगळ्या ऑफिसला कळलं. सिव्हिल लाइन्समधली जुनी सरकारी इमारत, उंच उंच पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून उभा राहायचो आणि मागून येणारे लोक बाजूने निघून जायचे. मांड्या भरून यायच्या, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, छाती भात्यासारखी हलायची. एकदा एका सहकाऱ्याने पाणी आणून देऊ का म्हणून विचारलं. मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा खरंच काळजीने विचारत होता, पण त्या दिवसांत माझ्याशी कोणी काळजीने बोललं की मला जास्तच राग यायचा.

नोकरीला लागल्यापासून मी खुर्चीतच होतो. घरून स्कूटरवर ऑफिस, ऑफिसातून स्कूटरवर घर, घरी सोफा. भाजी बायको आणायची. कुठं जायचं तर गाडी होती. माझं काही चुकतं आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्या ओळखीची सगळी माणसं अशीच जगत होती. अपवाद एकच होता, माझा धाकटा भाऊ.

तो रामटेकजवळच्या आमच्या गावी धानाची शेती करायचा. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करायची, संध्याकाळी अंग धुऊन गडावर जायचं, देवळाच्या पायऱ्या न थांबता चढायच्या आणि वर जाऊन मला फोन लावायचा. फोनवर त्याचा श्वास लागलेला नसायचा. "दादा, तू त्या खुर्चीतच म्हातारा होशीन," असं तो हसून म्हणायचा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण दोघं शेजारी उभे राहिलो तर लोकांना वीस वर्षांचं अंतर वाटायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. गावाकडून एका मालवाहू गाडीच्या मागे झोपवून त्याची बायको त्याला नागपूरला माझ्याकडे घेऊन आली, कारण मी शहरात राहतो, सरकारी नोकरीत आहे, माझ्या ओळखी असतील, असं तिला वाटलं. ओळखी काही कामाला आल्या नाहीत. आम्ही एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरलो. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, खाट नाही. शेवटी त्याला माझ्या हॉलमध्ये दिवाणावर झोपवलं आणि मी सिलिंडरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. ऊन असं होतं की रिकाम्या सिलिंडरला हात लावला तर चटका बसायचा. रांगेतली माणसं एकमेकांशी भांडत होती, कोणी पुढे घुसलं की मारामारीवर येत होती. मीही भांडलो. शेवटी मला सिलिंडर मिळालं, पण त्यावर लावायचा रेग्युलेटर मिळाला नाही. भरलेलं सिलिंडर माझ्या हॉलमध्ये उभं होतं आणि त्यातली हवा माझ्या भावाच्या नाकापर्यंत न्यायची सोय नव्हती. मी रेग्युलेटर शोधायला पुन्हा बाहेर पडलो. दुपारी परतलो तेव्हा त्याची बायको दिवाणाजवळ जमिनीवर बसलेली होती. मी दारात उभा राहिलो तरी तिने वर पाहिलं नाही.

ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ते मापक अजून त्याच्या बोटावर होतं.

पुण्याहून माझ्या साडूने ऑक्सिजन तयार करणारी मशीन पाठवली होती. विजेवर चालते, खोलीतली हवा आत घेते आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कुरिअरवाल्याने सही मागितली. मी सही केली. आजही कोणी सहीसाठी पेन पुढे केलं की माझ्या हाताला तो राग आठवतो. कोणावर, हे सांगता येत नाही. त्या कुरिअरवाल्यावर तर नाहीच, तोही तोंडाला रुमाल बांधून घाबरत घाबरतच आला होता. पण एक दिवस उशीर झाला होता आणि त्या एका दिवसाचा जाब देणारं या जगात कोणीच नव्हतं. नंतर सगळे पुन्हा नेहमीसारखे वागायला लागले. ज्यांनी आम्हाला दवाखान्याच्या फाटकातून परत पाठवलं होतं तेही, आणि मीही.

मशीन हॉलच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून राहिली. बायको दोन-तीनदा म्हणाली की कोणाला तरी देऊन टाकू. मी नाही म्हणालो.

मग लिफ्ट बंद पडली. त्याच सुमारास आमच्या ऑफिसात आरोग्यावर भाषण द्यायला एक गृहस्थ आले. पांढरा झब्बा, गोड आवाज. ते म्हणाले की आपण सगळे थकलेले असतो याचं कारण आपल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. शहरातली हवा, बंद खोल्या, उथळ श्वास. भाषण संपल्यावर ऑक्सिजनच्या छोट्या डब्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, नाकाला लावून ओढायच्या. मी डबी घेतली नाही. मला घरी ठेवलेली मशीन आठवली.

त्या संध्याकाळपासून मी ती लावायला सुरुवात केली. सोफ्यावर बसायचं, नळी नाकात घालायची, टीव्ही लावायचा. मशीन घरघरायची. खरंच बरं वाटायचं, किंवा मला तसं वाटत होतं. बोटावरचं मापक आधीही भरपूर आकडा दाखवायचं आणि नंतरही तोच. बायको एकदा म्हणाली, "आकडा त आधीच चांगला हाय न, मग हे काहून करून राहिले तुम्ही?" मी तिला म्हणालो की तुला त्यातलं काही कळत नाही. आणि जिने चढणं? ते तसंच राहिलं. उलट वाढलंच, कारण आता मी संध्याकाळी कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नव्हतो.

दिवाळीच्या आधी माझी भावसून, म्हणजे भावाची बायको, नागपूरला आली. भाऊ गेल्यापासून शेत तीच करत होती. कळमन्याच्या बाजारात काही काम होतं, ते उरकून ती आमच्याकडे जेवायला आली. मी सोफ्यावर होतो. समोर चिवड्याची वाटी, नाकात नळी. ती चपला काढून आत आली आणि तिथंच उभी राहिली. तिने मशीन ओळखली. आमच्या घरातली चादरीखालची ती वस्तू तिला माहीत होती, पण चालू स्थितीत तिने ती कधी पाहिली नव्हती.

तिने विचारलं, "काय झालं भाऊजी तुमाले?"

मी सांगितलं की दम लागतो, जिना चढवत नाही, अंगात ऑक्सिजन कमी पडतो आहे.

तिने त्या नळीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्याले हवाच भेटत नव्हती. तुमाले त भेटून राहिली न." आणि स्वयंपाकघरात माझ्या बायकोला मदत करायला निघून गेली. जेवताना ती फक्त माझ्या बायकोशी बोलली. गेली तेव्हा पाया पडली, रीतीप्रमाणे.

मला भयंकर राग आला. मला काय झालं आहे हे तिला काय माहीत? मी काय नाटक करतो आहे? बायकोने समजूत घालायचा प्रयत्न केला तर तिच्यावरही ओरडलो. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मला त्यांच्याकडून लिहून हवं होतं की या माणसाला ऑक्सिजनची गरज आहे. तो कागद मी गावी पाठवणार होतो. इतका लहान झालो होतो मी त्या रागात.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, फुप्फुसं तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मी म्हणालो, मग दम का लागतो? त्यांनी मला मेडिकल कॉलेजमधल्या त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. या बाई बैठं काम करणाऱ्या माणसांचे स्नायू ऑक्सिजन कसा वापरतात याचाच अभ्यास करत होत्या आणि त्यांना माझ्यासारखी माणसं हवीच होती.

त्यांच्या खोलीत एक जागेवरची सायकल होती. त्यांनी माझ्या मांडीवर एक पट्टा बांधला, त्यातून लाल उजेड आत जात होता. आत स्नायूत किती ऑक्सिजन आहे ते त्यावरून समोरच्या पडद्यावर रेघेत दिसायचं. नाकातोंडावर मुखवटा. मुखवट्याची नळी एका मोठ्या पिशवीला जोडलेली. बाई म्हणाल्या की आज दोनदा सायकल मारायची, मध्ये भरपूर विश्रांती. एकदा पिशवीत साधी हवा असेल, एकदा भरपूर ऑक्सिजन असलेली. कोणत्या वेळी कोणती, ते त्या मला सांगणार नव्हत्या.

पहिल्या वेळी पाय जड झाले, मांड्या जळायला लागल्या, तरी मी जिद्दीने पायडल मारत राहिलो. मला आतून खात्री होती की हाच ऑक्सिजन आहे, छाती कशी मोकळी वाटते आहे. पाय थांबले तेव्हाच थांबलो. दुसऱ्या वेळी मी सुरुवातीपासूनच मनात म्हणत होतो की ही साधी हवा, आता लवकर थांबणार. पाय जवळजवळ त्याच जागी थांबले.

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्या वेळी साधी हवा होती.

मी म्हणालो, तुमची मशीन बिघडलेली असेल. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. तुमच्या रक्तात ऑक्सिजन आधीपासूनच भरपूर आहे, त्या म्हणाल्या, तो मांडीपर्यंत पोचतोही आहे. पण स्नायूच्या पेशीत ज्या बारीक भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया, ज्यांच्यात हा ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते, त्या वापर नसला की कमी होतात. तुमच्या पायांत त्या फार थोड्या उरल्या आहेत. दारात सामान येऊन पडलं आहे, आत उचलून घ्यायला माणसंच नाहीत. म्हणून तुम्हाला कितीही ऑक्सिजन दिला तरी तुमचे पाय त्याच जागी थांबतात. मग स्नायू ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या दुसऱ्या, घाईच्या पद्धतीने ऊर्जा काढतो, रक्तात आम्ल वाढतं आणि ते बाहेर टाकायला छाती धापा टाकते. तुम्हाला वाटतं हवा कमी पडते आहे. हवा कमी पडत नाही.

त्यांनी पडद्यावरची रेघ बोटाने दाखवली. व्यायाम करताना ती खाली जायला हवी होती, म्हणजे स्नायू रक्तातून ऑक्सिजन ओढून घेतो आहे. माझी रेघ जेमतेम वाकली होती. बाकीचा ऑक्सिजन रक्तातून तसाच परत जात होता.

मी विचारलं, हे सगळ्यांचं असंच असतं का?

"नाही. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला किंवा खेळाडूला जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी थोडं जास्त करू शकतो. त्याच्या भट्ट्या इतक्या असतात की ऑक्सिजनच कमी पडतो."

मी मुखवटा काढून टेबलावर आदळला. मी त्यांना माझ्या भावाबद्दल सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलो. त्याचे पाय, त्याचा गड, रांगेतलं ऊन, रेग्युलेटर, कुरिअर. ज्याच्या अंगाला प्रत्येक घोट वापरता आला असता त्याला तो मिळाला नाही, आणि माझ्या नाकात रोज संध्याकाळी ओतला जात होता तो कुठेच लागत नव्हता, असं मी म्हणालो. बाईंनी मला थांबवलं नाही. नंतर एवढंच म्हणाल्या की तुमच्या भावाचं वेगळं होतं. त्याची फुप्फुसं निकामी झाली होती, तिथं ऑक्सिजन रक्तातच शिरत नव्हता, तेव्हा पायांचा हिशेब लागू होत नाही. "पण तुम्ही म्हणता तसा तो आज इथं येऊन सायकलवर बसला असता, तर ही रेघ खोल गेली असती," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे."

मी बाहेर पडलो. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिलो, किल्ली लावता येईना. मला त्या बाईंचा राग आला होता, कारण त्या खरं बोलल्या होत्या. झब्बेवाल्या गृहस्थाचा आला होता, जो आमच्यासारख्यांना थकव्याचं कारण हवेत असल्याचं सांगत फिरतो. आणि स्वतःच्या मांड्यांचा तर इतका आला होता की मी त्यांच्यावर बुक्की मारली. शेजारच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं.

त्या रविवारी मी मशीन एसटीत घालून गावी नेली. कंडक्टर कुरकुरला, मीही त्याच्याशी भांडलो. रामटेकला उतरून गावची गाडी पकडली. घरी कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की भावसून शेतात आहे, कापणी चालू आहे. मशीन शेजारणीच्या पडवीत ठेवून मी शेताकडे निघालो. धुऱ्यावरून चालायचं होतं, म्हणजे दोन बांध्यांच्या, शेताच्या दोन तुकड्यांच्या, मधल्या अरुंद मातीच्या वाटेवरून. लहानपणी मी त्यावरून पळायचो. आता पाय घसरत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. निम्म्या वाटेत मी खाली बसलो, तिथंच, ओल्या गवतावर. समोर तिला मी दिसत होतो. ती विळा घेऊन धान कापत होती. ती आली नाही. काम थांबवलं नाही. मी उठलो, थोडं चाललो, पुन्हा बसलो. ती कापत राहिली. मी तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा तिने कमरेला खोचलेल्या पदराने तोंड पुसलं आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

मी सांगितलं की मशीन आणली आहे. गावात कोणाला तरी लागत असेल.

ती म्हणाली की लागते, वरच्या आळीत एक म्हातारा आहे, आयुष्यभर विड्या ओढून छाती गेली, त्याला डॉक्टरांनी ऑक्सिजन सांगितला आहे. मग ती म्हणाली, "तुमाले सांगितलं डॉक्टरनं?"

"सांगितलं," मी म्हणालो. "मले नाई लागत."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल आणि मला त्याचा राग येईल अशी माझी तयारी होती, पण तसं काही दिसलं नाही. ती म्हणाली, "मी त्या दिवशी तसं बोलाले नाई पाहिजे होतं. पण मले राहवलं नाई. रोज वाटते, तुमच्याकडे आणलं नसतं त्याले, गावातच ठेवलं असतं त."

आम्ही दोघांनी एवढ्या दिवसांत हे एकमेकांजवळ कधी काढलं नव्हतं. ती मला दोष देत असेल असं मी धरून चाललो होतो. ती स्वतःला देत होती. मी म्हणालो की इथं ठेवलं असतं तर काय झालं असतं? इथं तर रांगसुद्धा नव्हती. ते ऐकून ती रडली, विळा हातात तसाच. मला रडू आलं नाही, मला पुन्हा रागच आला, त्या फाटकांवर, त्या कोऱ्या चेहऱ्यांवर, ज्यांनी एका बाईला जन्मभर हा विचार करायला लावला की आपण आपल्या माणसाला चुकीच्या दाराशी नेलं.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. इतर दिवशी ऑफिसचे जिने. लिफ्ट दुरुस्त झाली तरी जिने. हे मी तब्येतीच्या आवडीने केलं असं कोणी समजू नये. चालताना माझ्या डोक्यात भांडणंच चाललेली असायची. दुसऱ्या मजल्यावर पाय जळायला लागले की मी मनातल्या मनात कोणाला तरी शिव्या देत पुढचा मजला चढायचो. बायको म्हणते की लोक मन शांत करायला चालतात आणि तुम्ही चालून आल्यावर जास्तच लाल झालेले असता. खरं आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर बाईंनी पुन्हा बोलावलं. तीच सायकल, तोच पट्टा, त्याच दोन पिशव्या. या वेळी मी बराच जास्त वेळ टिकलो. रेघ पहिल्यापेक्षा खाली वाकली. बाई खूश झाल्या. मी विचारलं, ऑक्सिजनच्या पिशवीने काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, नाही, अजून नाही. पाय सुधारले आहेत, पण अजूनही अडतं ते स्नायूंपाशीच, ऑक्सिजनपाशी नाही. त्याला वेळ लागेल, वयही आहे, कदाचित तिथपर्यंत पोचणारही नाही. त्यांना वाटलं मी निराश होईन. मी निराश झालो नाही, चिडलो. एवढे महिने घाम गाळून मी माझ्या भावाच्या पायांच्या जवळपासही नव्हतो.

यंदाच्या कापणीला मी आठवडाभर रजा काढून गावी गेलो. विळा मला झेपत नाही, म्हणून कापलेल्या धानाचे भारे उचलून आणायचं काम माझ्याकडे आलं. भारे रचून शेतातच त्यांचं पुंजणं घालायचं असतं, पाऊस आला तर आतलं धान भिजू नये म्हणून कणसं आत आणि देठ बाहेर. मी पहिला थर उलटा लावला. भावसून धावत आली आणि सगळा थर काढायला लावला. मी म्हणालो, माझ्या लहानपणी असंच लावायचे. ती म्हणाली, तुमच्या लहानपणी तुम्ही झाडाखाली बसून राहायचे, तो सांगत होता मले. मी चिडलो, तीही चिडली. भर उन्हात आम्ही त्या पुंजण्याभोवती मोठमोठ्याने वाद घातला आणि कामावरच्या बाया विळे थांबवून पाहत राहिल्या. शेवटी तिच्या म्हणण्याप्रमाणे थर लावला. मग तिने डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली की पलीकडच्या बांधीतले भारे जेवण झाल्यावर आणा, ते जास्त जड आहेत.